फॅमिलीसर्चवर सूनबाईचा मेफ्लॉवरवाला पूर्वज शोधला, त्याचा रिव्ह्यू (नागपूरहून)

आधी रेटिंग सांगून टाकतो, नाहीतर लोक खाली स्क्रोल करत बसतात. जुन्या कागदांच्या फोटोंसाठी ५ पैकी ५. सर्चसाठी ४. आणि जगभरच्या लोकांनी मिळून भरलेलं ते मोठं फॅमिली ट्री आहे न, त्यासाठी २, तेही आज मूड बरा आहे म्हणून. साइटचं नाव फॅमिलीसर्च, पैसे शून्य, अकाउंट काढायचं आणि बसायचं.

आता नागपूरच्या माणसाला इंग्रजांच्या वंशावळीशी काय घेणं असं तुम्ही म्हणाल. तर मी आमच्या भावकीतला व्हॅलिडिटीवाला काका. कोणाच्या पोराला ॲडमिशनसाठी जात पडताळणी लागली की फोन माझ्याकडे. आम्ही ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे, मग तहसीलमध्ये कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल मागा, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढा, जुने अधिकार अभिलेख बघा, पणजोबाचं नाव एका कागदात लक्ष्मण आणि दुसऱ्यात लखमा काहून लागलं त्याचं शपथपत्र करा. हे करून करून माझी नजरच तशी झाली आहे, कोणी म्हटलं की आमचे पूर्वज अमुक होते तर तोंडातून पहिले निघते, कागद दाखव.

पोरगा मॅसॅच्युसेट्समध्ये, सून तिथलीच. विहीणबाईंकडे त्यांच्या आजीच्या वेळचं एक टाइप केलेलं पान आहे, सगळ्यात वर मेफ्लॉवर जहाजावरचा स्टीफन हॉपकिन्स आणि उतरत उतरत खाली विहीणबाईंची आजी. मधल्या काही नावांना तारखा आहेत, काहींना नाहीत, पुरावा मात्र एकालाही नाही. पोरगा म्हणाला, बाबा तुम्ही कोतवाल पंजी वाचता, हे पण बघा न. उन्हाळा होता, बाहेर ४५, कूलरसमोर बसून करायला काम बरं वाटलं. तिथून हे सुरू झालं आणि आता सुटून नाही राहिलं.

फॅमिलीसर्च चालवते कोण तर अमेरिकेतलं मॉर्मन चर्च, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीवालं. त्यांच्यात गेलेल्या पूर्वजांच्या नावानंही बाप्तिस्मा करतात, त्यामुळे पूर्वज कोण, कुठले, कधीचे हे नक्की माहीत असणं त्यांना धर्मासाठीच लागतं, आणि त्यापायी १८९४ मध्ये संस्था काढून हे लोक जगभरचे कागद गोळा करून राहिले. (आपल्याकडे पितृपक्षात गुरुजींनी पणजोबाचं नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, ते आठवलं.) १९३८ पासून मायक्रोफिल्म काढणं सुरू केलं, जवळपास २४ लाख रिळं झाली, ती डोंगरात ग्रॅनाइट खोदून केलेल्या तिजोरीत ठेवली आहेत आणि २०२१ मध्ये त्या सगळ्यांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं. वेबसाइट १९९९ पासून आहे. धर्म बदला वगैरे काही म्हणत नाहीत, तुम्ही कोणीही असा, वापरा.

आता ज्याला शोधायचं तो माणूस ऐका, कारण इतका भन्नाट पूर्वज निघाला की आमच्या घरी बायको सिरियल सोडून ऐकायला बसली. मेफ्लॉवर १६२० मध्ये इंग्लंडहून निघालं, १०२ प्रवासी, आणि तिकडचे लोक सांगतात ते धर्मासाठी देश सोडलेल्या पिल्ग्रिम मंडळींबद्दल. हॉपकिन्स त्या मंडळीतला नव्हताच, वसाहतीला माणसं पाहिजे होती म्हणून बाहेरून घेतलेल्यांपैकी होता. आणि त्याची अमेरिकेची ही दुसरी खेप. पहिल्यांदा तो १६०९ मध्ये सी व्हेंचर नावाच्या जहाजानं व्हर्जिनियाला निघाला होता, ते वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांवर अडकलं, सगळे बेटावर. तिथं या पठ्ठ्यानं लोकांना सांगायला सुरुवात केली की जहाज फुटलं तेव्हाच गव्हर्नरचा हुकूमही संपला, आता ज्यानं त्यानं आपलं बघावं. बंडाचा खटला, फाशीची शिक्षा. मग रडला, बायकापोरं उघड्यावर पडतील म्हणाला, लोकांनी शब्द टाकला आणि सुटला. पुढे जेम्सटाउनला पोचला, मग परत इंग्लंडला आला, आणि एवढं भोगूनही १६२० मध्ये पोटुशी बायको, तीन लेकरं आणि दोन नोकर घेऊन पुन्हा जहाजात बसला. भर समुद्रात पोरगा झाला, त्याचं नाव ओशियानस. दोन्ही नोकरांनी तिकडे गेल्यावर एकमेकांशी तलवार आणि खंजीर घेऊन द्वंद्व केलं, त्यांना डोकं आणि पाय एकत्र बांधून ठेवायची शिक्षा झाली.

माझा आवडता भाग तर पुढेच आहे. मेफ्लॉवरवाल्यांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीच्या कोर्टाचं रेकॉर्ड टिकलेलं आहे आणि त्यात हॉपकिन्स सारखा सारखा दिसतो. तो दारू, बिअर विकायचा. १६३८ मध्ये तक्रार काय तर क्वार्टभर (साधारण लिटरभर) बिअर दोन पेन्सला विकली जी एक पेनीच्याही लायकीची नव्हती. १६३९ मध्ये आरसा १६ पेन्सला विकला, तसाच आरसा बोस्टनकडे ९ पेन्सला मिळत होता. म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त लावणाऱ्या दुकानदाराचा रिव्ह्यू पावणेचारशे वर्षांपूर्वी कोर्टात लिहून ठेवलाय. विहीणबाईंना हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्या जरा गप्प झाल्या, त्यांच्या पानावर फक्त पुण्यवान पिल्ग्रिम होता.

पण सांगायचं होतं ते साइटबद्दल. फॅमिलीसर्चमध्ये खरं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच दारातून मिळतात आणि नव्या माणसाचा घोळ इथंच होतो. एक आहे रेकॉर्ड, म्हणजे चर्चची रजिस्टरं, जनगणना, मृत्युपत्रं, खरेदीखतं यांचे फोटो आणि त्यांचे इंडेक्स. दुसरं आहे फॅमिली ट्री. हे झाड सगळ्या जगाचं मिळून एकच आहे, प्रत्येक मेलेल्या माणसाचं एकच पान असावं अशी कल्पना, त्याला एक नंबर, आणि ते पान कोणीही लॉगिन असलेला माणूस दुरुस्त करू शकतो. हयात माणसं फक्त ज्यानं भरली त्याला दिसतात, ते चांगलं केलं आहे. कोणी काय बदललं याचा इतिहास दिसतो, खाली कारण लिहायला जागा असते, पुरावा जोडायला जागा असते. रचना म्हणून वाईट नाही. पण लोक काय करतात, नाव टाकलं की चार पिढ्या वर धपाधप जोडल्या जातात, बाराव्या पिढीत राजाच निघतो, आणि खाली सोर्समध्ये बघितलं तर दुसऱ्या कोणाचं तरी झाड.

व्हॅलिडिटीच्या भाषेत सांगायचं तर हे वंशावळीचं शपथपत्र आहे. आपण अर्जाला वंशावळ जोडतो, पण जात पडताळणी समिती त्या झाडाकडे बघून पास करत नाही, प्रत्येक फांदीखाली कागद मागते, की हा याचा मुलगा हे कशावरून. मेफ्लॉवरच्या वंशजांची एक सोसायटी आहे अमेरिकेत, १८९७ पासूनची, मेंबर व्हायचं तर त्यांनाही हेच लागतं, प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू आणि मुख्य म्हणजे आईबाप कोण याचा पुरावा. पहिल्या पाच पिढ्यांचं काम त्यांच्या अभ्यासकांनी करून चंदेरी कव्हरच्या खंडांमध्ये छापून ठेवलंय, त्यामुळे नवीन माणसाला पाचव्या पिढीपासून खाली आपल्यापर्यंत यायचं असतं. वरून खाली उतरू नका, खालून वर चढा, हे त्यांचंही म्हणणं आणि माझंही.

झाडावर डोळे मिटून काहून विसंबू नये याचं उदाहरण खुद्द हॉपकिन्सच आहे. वर्षानुवर्षं पुस्तकांमध्ये छापून यायचं की तो ग्लॉस्टरशायरमधल्या वॉटन-अंडर-एजचा, आणि पहिली बायको कोणी कॉन्स्टन्स डडली. पहिलं एका सारख्या नावामुळे, आणि दुसरं बहुतेक पोरीचं नाव कॉन्स्टन्स म्हणून आईचंही तेच असं कोणी तरी ठरवून टाकलं असावं. मग १९९८ मध्ये एका संशोधकानं हॅम्पशायरमधल्या हर्स्ली गावच्या चर्चचं रजिस्टर छापून दाखवलं. त्यात एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि जाइल्स अशी तिन्ही पोरं स्टीफन हॉपकिन्सच्या नावानं लागोपाठ नोंदवलेली, कॉन्स्टन्सचा बाप्तिस्मा ११ मे १६०६, आणि मे १६१३ मध्ये मेरी हॉपकिन्सचं दफन. म्हणजे बायकोचं नाव मेरी, नवरा समुद्रापार असतानाच बिचारी गेली असं दिसते. नंतर त्याचा स्वतःचा बाप्तिस्माही १५८१ चा, तिकडच्याच अप्पर क्लॅटफर्ड गावात सापडला. आता बघा, एकटं नाव जुळणं म्हणजे काहीच नाही, एका नावाचे दहा असतात. पण बाप, त्याच्या पोरांची नावं, त्यांचा क्रम, वय, सगळं एका गावात एकत्र जुळलं तर ते पक्कं. आपण कोतवाल पंजीत पणजोबा असाच ओळखतो, भावांच्या नावांवरून. तरी आजही नेटवरच्या किती झाडांमध्ये ती डडलीबाई सुखानं नांदून राहिली, कोणी काढत नाही.

इंग्लंडमध्ये हे जमते कारण १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं. सगळ्या गावांची टिकली नाहीत, उंदीर, ओल, आग तिकडेही आहेच. अक्षर मात्र भयंकर. त्या काळचं वळण इतकं वेगळं की शिकल्याशिवाय वाचताच येत नाही, आपल्याकडे मोडी वाचणारा शोधावा लागतो तसंच. फॅमिलीसर्चच्या हेल्प पानांवर जुनं हस्ताक्षर वाचायचे धडे फुकट आहेत, मी केले, बऱ्यापैकी उपयोग झाला. इंडेक्समध्ये नाव नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका, इंडेक्स करणाऱ्यानं काय वाचलं देव जाणे, शक्य असेल तिथे फोटो उघडून स्वतः बघा.

आणखी एक गंमत जी आधी कोणी सांगत नाही. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे फेब्रुवारी हा वर्षाचा शेवटचा भाग. हॉपकिन्सचं दुसरं लग्न १९ फेब्रुवारी १६१७/१८ असं लिहितात, त्यांच्या हिशोबानं १६१७, आपल्या हिशोबानं १६१८. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या माणसाला हे पटकन समजते, पण सुनेच्या भावाला समजावताना माझा घाम निघाला. ज्यांना हे माहीत नाही ते झाडात लेकरू लग्नाच्या आधी जन्माला घालून मोकळे होतात.

कागदांमध्ये मला सगळ्यात जास्त मजा आली ती त्याच्या मृत्युपत्रात. जून १६४४ चं. आमचं घराणं शेतकऱ्याचं, काटोलकडे अजून थोडी संत्र्याची बाग आहे, त्यामुळे मी ते वाचून एकदम घरचंच समजलो. मोठा बैल जाइल्सला. तो बैल वॉरनबाईंकडे भाड्यानं दिलेला होता, त्या भाड्याचे २० शिलिंग नातवाला. लग्न झालेल्या कॉन्स्टन्सला घोडी. मग बाकीच्या चार पोरींना गाई, आणि गाई नावानिशी, मॉटली, स्मायकिन्स, रेड कोल. एका पोरीला रुंद शिंगांची काळी गाय आणि वासरू. मॉटली गाय दोन बहिणींमध्ये अर्धी अर्धी. आणि एका पोरीच्या वाट्याला बिनशेपटीची कालवड! शेपटी नाही हे मृत्युपत्रात लिहून ठेवणारा बाप म्हणजे व्यवहाराला पक्का माणूस. आमच्याकडेही आजोबा पोळ्याला बैलांची नावं घेऊन बोलायचे, पण कागदावर एकही नाही.

गुरांमुळेच तिकडची सगळ्यात कामाची यादी मिळते. २२ मे १६२७ ला प्लिमथमध्ये सामाईक गुरांची वाटणी झाली, लोकांचे १२ गट केले, एका गटात १३ जण, म्हणजे १५६ माणसं, बायका आणि लहान लेकरांसकट नावं. त्या दिवशी वसाहतीत कोण जिवंत होतं याची ती जवळपास शिरगणतीच. हॉपकिन्सच्या गटाला काळं वासरू आणि दोन शेळ्या आल्या. ओशियानस त्या यादीत नाही, म्हणजे तोवर गेला असणार. एका ओळीचंही दुःख न लिहिता एवढं कळते.

आता आमची लाइन. ती कॉन्स्टन्सकडून येते, म्हणजे पोरीकडून. तिनं निकोलस स्नो नावाच्या माणसाशी लग्न केलं जो १६२३ मध्ये ॲन जहाजानं आला होता, पुढे ते केप कॉडवर ईस्टहॅमला राहायला गेले. प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड यानं १६५० च्या सुमारास मेफ्लॉवरच्या लोकांचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलंय, त्यात आहे की कॉन्स्टन्सला १२ लेकरं आणि बाराही जिवंत. सगळ्या बारांची नावं मात्र कागदोपत्री मिळत नाहीत, आणि जिथं रिकामी जागा दिसली तिथं लोक आपला पूर्वज बसवतात. सीट रिकामी दिसली की रुमाल टाकायचा, एसटीसारखं. म्हणून तुमच्या पानावर स्नो घराण्यातलं नाव दिसलं तर आधी बघा की त्या पोराचा बाप कोण हे कोणत्या कागदात लिहिलंय.

पोरीकडून लाइन काढता येते याचंच मला सुरुवातीला अप्रूप वाटलं. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या चार बहिणी होत्या हे सगळे सांगतात आणि झाडात एकही नाही, कारण समितीला वडिलांकडचंच लागते. कोतवाल पंजीत तर कित्येक ठिकाणी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं, खाली बापाचं नाव. तिकडेही बाईचं लग्न झालं की आडनाव बदलून ती कागदातून गायब होतेच, पण मृत्युपत्र आणि खरेदीखत तिला परत आणून देतात. हॉपकिन्सनं नुसतं 'कॉन्स्टन्स' लिहिलं नाही, 'निकोलस स्नोची बायको' असं लिहिलं. एवढ्या तीन शब्दांवर हजारो लोकांची वंशावळ उभी आहे.

मधल्या पिढ्या मात्र जीव घेतात. १६२० चा माणूस सोपा, १९०० चाही सोपा, अडकते ते १७९० ते १८५० मध्ये. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी आहे आणि १९५० पर्यंतची इथं फुकट दिसते, पण १८५० च्या आधी फक्त घरातल्या कर्त्या माणसाचं नाव आणि बाकीचे नुसते आकडे, या वयाचे इतके पुरुष, त्या वयाच्या इतक्या बायका. कर्त्या माणसाशी नातं काय हे तर १८८० पासून लिहायला लागले. १८९० ची बहुतेक १९२१ च्या आगीत गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावचे जन्म-मृत्यू पहिल्यापासून बरे लिहिलेले आहेत, पण आमचे लोक नेमके तिथून उठून न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात जमीन घ्यायला गेले, आणि तिथं राज्यानं जन्म-मृत्यूची नोंद धड सुरू केली १८८० च्या सुमारास. म्हणजे जिथं पुरावा पाहिजे तिथंच अंधार.

इथं या साइटनं बाजी मारली. २०२४ पासून त्यांनी फुल टेक्स्ट सर्च आणलंय, कॉम्प्युटरनं हातानं लिहिलेली खरेदीखतं आणि मृत्युपत्रांच्या फायली वाचून काढल्यात, त्यामुळे इंडेक्समध्ये नसलेलं नावही सापडते, अगदी साक्षीदार म्हणून सही असली किंवा शेजारच्या शेताची हद्द सांगताना नाव आलं असलं तरी. मी सुनेच्या पूर्वजाचं नाव आणि जिल्हा टाकला आणि एक खत निघालं, बाप मेल्यावर सगळ्या भावाबहिणींनी मिळून जमीन विकली, आणि प्रत्येक बहिणीपुढे नवऱ्याचं नाव. आपल्याकडचा वारस फेरफार म्हणा न! टाइप केलेल्या पानावर जिथं नुसतं प्रश्नचिन्ह होतं ती फांदी एका कागदात पक्की झाली. सून तिकडे मध्यरात्रीपर्यंत जागी होती, इकडे माझी सकाळ, दोघं स्क्रीन शेअर करून एकेक ओळ वाचत होतो. मशीननं वाचलेलं तसंच्या तसं घेऊ नका मात्र, आडनावाचं ते काहीही करते. मूळ पान बाजूलाच दिसते, त्यावर ताडून बघा.

तक्रारी विचाराल तर काही रेकॉर्डवर कॅमेऱ्यासोबत किल्ली किंवा कुलूप दिसते. म्हणजे ज्यांच्याकडचे कागद आहेत त्यांनी घरून बघायची परवानगी दिलेली नाही, ते फॅमिलीसर्च सेंटरमध्ये किंवा त्यांच्याशी जोडलेल्या लायब्ररीत जाऊनच बघायचे. नागपुरात बसून हे अडते. आमची सून तिकडे होती म्हणून तिच्या गावच्या लायब्ररीत जाऊन तिनं ती पानं बघितली, ज्यांचं तिकडे कोणी नाही त्यांनी यादी करून ठेवा आणि ओळखीतलं कोणी गेलं की पाठवा. दुसरं म्हणजे सर्चमध्ये स्पेलिंगचा खेळ लक्षात घ्या, हॉपकिन्स चार पद्धतीनं लिहिलेला सापडतो, अक्षरांच्या जागी चांदणी टाकून सर्च करता येतो, तो वापरा. मोबाइल ॲप झाड बघायला ठीक, कागद वाचायला लॅपटॉपच पाहिजे, डोळे फुटतात.

पैसेवाल्या साइट घ्याव्या का? काही चांगल्या आहेत, बोस्टनची १८४५ पासूनची जुनी वंशावळ सोसायटी आहे तिचं न्यू इंग्लंडबद्दलचं काम तर जबरदस्त, गावोगावच्या नोंदी, १६२० ते १६४० मध्ये आलेल्या लोकांवरचा एकेका माणसाचा अभ्यास. पण एका दुसऱ्या साइटनं, नाव नाही घेत, फ्री ट्रायल म्हणून पोराचं कार्ड घेतलं आणि बंद करूनही वर्षाचे पैसे कापले, ते परत मिळवायला पोराला बँकेत तक्रार करावी लागली. आणि एक एजन्सी मेल करून राहिली होती की आम्ही तुमच्या घराण्याचं राजचिन्ह छापून फ्रेम करून देतो. विहीणबाई ऑर्डर करायला निघाल्या होत्या. म्हटलं थांबा बाई, इंग्लंडमध्ये ढाल-चिन्ह आडनावाला नसते, विशिष्ट माणसाला दिलेलं असते आणि त्याच्या वंशात चालते, ते बघणारी संस्था १४८४ पासून आहे लंडनमध्ये. आरसा जास्त भावात विकणाऱ्या माणसाला कोणी ढाल दिली असंल!

एक गोष्ट खटकते आणि ती साइटची नाही, कागदांचीच आहे. हे लोक ज्या जागी उतरले ती वाम्पानोआग लोकांची जमीन, काही वर्षांपूर्वीच रोगराईत त्यांची गावंच्या गावं गेली होती, त्या रिकाम्या गावाच्या जागेवर प्लिमथ वसलं. पहिल्या वसंतात समोसेट नावाचा माणूस चालत आला आणि इंग्रजीत बोलला, त्याला रात्री हॉपकिन्सच्याच घरी ठेवलं, लक्ष ठेवायला म्हणून. हॉपकिन्सच्या बिनशेपटीच्या कालवडीची नोंद आहे आणि त्या लोकांच्या बायकापोरांची नावं शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागते. नागपूर वसवणाऱ्या गोंड राजाच्या, बख्त बुलंद शाहच्या गावात राहून आपण किती गोंड घराण्यांची वंशावळ कागदावर बघितली आहे, तेही विचारात घ्या.

सुनेची फाइल सध्या कुठवर आली तर एक सोडून सगळ्या फांद्यांखाली कागद लागला आहे. अडलेली एक आहे ती १७०० च्या शतकातली, ईस्टहॅममध्ये एकाच वेळी एकाच नावाचे दोन चुलत भाऊ, जन्मात पाचेक वर्षांचं अंतर, आणि ट्रीमध्ये लोकांनी दोघांना एकत्र करून एकाच माणसाला दोन बायका आणि सतरा लेकरं देऊन ठेवली आहेत. दोघांच्या जमिनी वेगळ्या असणार, म्हणून आता हद्दींवरून वेगळे करून राहिलो. बाकी गणित सांगतो, बारा पिढ्या वर गेलं की पूर्वजांच्या ४०९६ जागा होतात, हॉपकिन्स त्यातली एक. पोराला सांगितलं तर म्हणे बाबा, मग उरलेले ४०९५ कधी?

शेवटी नेहमीचा प्रश्न, आपल्या लोकांसाठी या साइटवर काही आहे का. थोडं आहे. हरिद्वार वगैरे तीर्थांच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत, पण नाव टाकून सापडेल अशी आशा ठेवू नका, गाव आणि पंडा माहीत पाहिजे आणि मग पान पान उलटत जायचं. इंग्रजांच्या काळातले भारतातले बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचे इंडेक्स आहेत, त्यामुळे कोणाचा पूर्वज कामठीच्या छावणीत गोरा सोल्जर होता असं घरात बोलत असतील तर तिथून सुरुवात करा, फक्त कामठीला बराच काळ मद्रासची फौज होती म्हणून मद्रासच्या नोंदीतही बघा, नुसतं नागपूर टाकून बसू नका. आणि व्हॅलिडिटीसाठी कोणी मला मेसेज करत असंल की काका याच्यावर कोतवाल पंजी मिळंल का, तर नाही मिळत बाप्पा, त्यासाठी तहसीलातच अर्ज टाका.